वेबसाइटचा भाव सांगण्याआधी

आमची पहिली साइट सांगलीतल्या एका हळदीच्या अडत दुकानाची. पाच पानं, 15 हजार रुपये. डिझाइन माझं, कोडिंग मित्राचं, पैसे निम्मे-निम्मे. आठ दिवसांत उडवू म्हणालो आणि दोन महिने अडकलो.

मजकूर आला तो छापखान्यातल्या पत्रकाची श्रीलिपी या टायपिंग सॉफ्टवेअरमधली फाइल. युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची संकेतपद्धत) नसल्यामुळे साइटवर चिकटवला की नुसती चिन्हं. कन्व्हर्टरमधून काढला तर जोडाक्षरं फुटली, ‘सर्वोत्तम’चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. तीन रात्री शुद्धलेखनात गेल्या. फोटो व्हॉट्सॲपवरून, त्यात हळद कोपऱ्यात आणि मालकांचे चिरंजीव मधोमध. वर रोज संध्याकाळी फोन, ‘लोगो जरा मोठा करा की!’ मित्राचं कोडिंग चार दिवसांत उरकलं होतं. डोमेन-होस्टिंगचे, म्हणजे साइटच्या नावाचे आणि सर्व्हरवरच्या जागेचे, 3 हजारही आम्हीच भरले. माझ्या वाट्याला 6 हजार आले, तास शंभराच्या घरात. तासाला 60 रुपये!

आता महिन्याचा घरखर्च, भाडं, नेट, लॅपटॉपची झीज सगळं धरतो आणि 90 तासांनी भागतो. 45 हजार लागत असतील तर तासाचा दर 500. महिन्याचे 160 तास धरू नका, उरलेले फोन, कोटेशन आणि वसुलीत जातात. कोटेशनमध्ये मजकूर दुरुस्ती वेगळी, बदल दोनदाच फुकट. डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर, पैसेही त्याचेच. 40 टक्के आगाऊ, 40 डिझाइन पसंत पडल्यावर, 20 साइट चालू करण्याआधी. चालू झाल्यावर पैसे मागून बघा, मग कळेल. जीएसटी नोंदणी नसेल तर बिलात तो लावायचा नाही.

वाटणीच्या बाबतीत डोळे सीएने उघडले. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळं ठरलेलं नसेल तर नफा समान, आणि जास्त राबणाऱ्या भागीदाराला त्याबद्दल मोबदला नाही. म्हणून आम्ही लेखी करार केला. गिऱ्हाईक सांभाळणाऱ्याला 10 टक्के, धंद्याच्या गल्ल्यात 10, बाकी ज्याने त्याने शीटमध्ये नोंदवलेल्या तासांप्रमाणे.

मित्राची कुरकूर मात्र आहेच. त्याचा हात चपळ, म्हणून तास कमी भरतात. खोटं नाही ते. सध्या त्याचा एक तास दीड धरतो. पुढच्या दिवाळीला पुन्हा बसायचं ठरलंय.