बरीच वर्षं उभी असलेली जुनी गाडी: पारखायची कशी, चालू करायची कशी

शेडमध्ये धूळ खात पडलेली गाडी बघायला गेलेला माणूस हमखास पहिल्यांदा विचारतो, "इंजिन चालू होतं का?" त्याआधी पत्रा बघावा. इंजिनाचं काम कितीही मोठं असलं तरी त्याचा अंदाज बांधता येतो: बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं. कुजलेल्या पत्र्याचं तसं नसतं. एक तुकडा कापला की वेल्डिंग धरायला शेजारी चांगला पत्राच सापडत नाही, आणि कापणं पुढे पुढे सरकत राहतं. म्हणून बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली झोपायचं.

टॉर्च, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक एवढं सोबत पुरतं. दारांचा खालचा वीतभर भाग, चाकांवरच्या कमानी, दारांखालचे सिल आणि हेडलाइटच्या भोवती चुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुटी) भरलेली आहे. (बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर ही परीक्षा बाद.) मग चेसिस, स्प्रिंगांचे हँगर, जॅक लावायच्या जागा, बॅटरीचा ट्रे आणि मॅट उचलून फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघा. चांगला पत्रा खणखणतो. कुजलेला बद्द वाजतो आणि दाबला की पोपडे सुटतात. नुकताच फासलेला काळा अंडरकोट दिसला तर तिथे दुप्पट वेळ घालवा. वेगळी चेसिस नसलेल्या गाडीत आणखी एक परीक्षा करता येते. बंद दाराच्या कडेची फट नीट बघून ठेवा, मग सिलजवळच्या मजबूत जागी जॅक लावून ती बाजू थोडी उचला. फट बदलली किंवा दार अडकायला लागलं तर सिल आतून गेलेले आहेत.

गायब भागांची यादी जागेवरच करा. पिस्टन आणि ब्रेक लायनर कुठून तरी मिळतात. मागच्या दिव्याची काच, क्रोमची पट्टी, वळणदार विंडस्क्रीन आणि तिचं रबर यांनी मात्र भल्याभल्यांचे प्रकल्प अडवले आहेत. कागदपत्रांवरचे चेसिस आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष धातूवर ठोकलेल्या नंबरांशी जुळवा. नुसत्या रिव्हेट केलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, ती बदलता येते.

इंजिनाबद्दल विकत घेताना तीनच गोष्टी बघायच्या. डिपस्टिकवर दुधाळ तेल आहे का, रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग आहे का, आणि प्लग काढून, गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीचा नट पान्याने फिरतो का. नाही फिरला तरी गाडी बाद होत नाही, पण भाव जाम इंजिनाचा धरूनच करायचा.

गाडी दारात आली की मोह होतो, बॅटरी लावून एकदा सेल्फ मारून बघू. इथेच जास्तीत जास्त नुकसान होतं. सिलिंडरच्या भिंतींवर तेलाचा थर उरलेला नसतो, रिंगा गंजाने चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असतो. अडकलेल्या व्हॉल्व्हवर सेल्फचा जोर आला की पुशरॉड वाकतो.

आधी ब्रेक

इंजिन चालू झाल्यावर चक्कर मारल्याशिवाय कुणालाही राहवत नाही, म्हणून ब्रेक आधी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. पेडल घट्ट लागतंय म्हणून समाधान मानू नका. सगळी रबरं, सगळे होस पाइप आणि ऑइल नवं घाला. जुना होस पाइप बाहेरून धडधाकट दिसतो, पण कापून बघितला तर आतलं रबर फुगून भोक सुईएवढं उरलेलं असतं. पायाच्या जोराने ऑइल त्यातून पुढे जातं, परत मात्र येत नाही, आणि पेडल सोडल्यावरही चाक धरलेलंच राहतं. लोक मग उगाच ड्रम खोलत बसतात.

ड्रम निघत नसेल तर कडेवर घण घालू नका, बिडाची कड तुटते. आधी ॲडजस्टर मागे घ्या, हँडब्रेकची केबल सैल करा. आतली धूळ हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. सिलिकॉनचं डॉट 5 ऑइल डॉट 3 किंवा डॉट 4 मध्ये मिसळू नका. हवा काढताना सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. एकच सर्किट असलेल्या गाडीत एक सांधा गळला की चारही ब्रेक जातात, हे लक्षात ठेवून प्रत्येक सांधा कोरडा आहे ना ते बघा.

मग इंजिन

प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ तेल सोडा. इंजिन जाम असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं घाला. ॲसिटोन उडून जातं, म्हणून दर दोन दिवसांनी पुन्हा घाला आणि जवळ ठिणगी येऊ देऊ नका. आठवडाभराने पान्याने पुढे-मागे हलवत सोडवा. पान्याला लांब पाइप लावून जोर केला तर बोल्टच तुटेल. फिरायला लागलं की रॉकर कव्हर काढून दोन पूर्ण फेऱ्या द्या आणि प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर येतो ना ते डोळ्यांनी बघा.

जुनं ऑइल काढून फिल्टर बदला, बहुतेक जुन्या इंजिनांना मिनरल 20डब्ल्यू-50 चालतं. प्लग बाहेरच ठेवून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, ऑइल प्रेशरचा काटा वर येईपर्यंत. प्लग नसल्यामुळे बेअरिंगांवर भार येत नाही आणि सिलिंडरमधलं उरलेलं तेलही बाहेर उडतं.

पण सेल्फ मारायचा तर बॅटरी लागते, आणि तिथेही घाई नको. अमेरिकन गाड्या 1950च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुधा 6 व्होल्टच्या होत्या, आणि अनेक ब्रिटिश गाड्यांत 1960च्या दशकातही पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. उलटी बॅटरी लावली तर अल्टरनेटरचे डायोड जातात. उंदरांनी कुरतडलेली वायर शोधायला अर्थ नसलेल्या टोकात, म्हणजे बॉडीला न जोडलेल्या वायरच्या वाटेत, त्याच व्होल्टचा 21 वॉटचा बल्ब लावा. सगळे स्विच बंद असताना तो झगझगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो सापडल्यावरच बल्ब काढून बॅटरी थेट जोडा.

स्पार्क नसेल तर कॉइल बदलण्याआधी पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क, बघा. उभ्या गाडीत त्यांच्यावर राखाडी पापुद्रा धरतो आणि करंट अडतो. 400 नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी मधून दोनदा ओढा, नंतर स्वच्छ कोरा कागद ओढा, आणि फट साधारण 0.4 मिमी लावा.

टाकीतलं जुनं पेट्रोल वापरायचंच नाही. त्याचा आंबूस, वार्निशसारखा वास येतो. त्यावर इंजिन चालतं कधीकधी, पण चीक व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसतो आणि थंड झाल्यावर व्हॉल्व्ह अडकतात. पहिल्यांदा चालवताना स्वतंत्र डब्यातून ताजं पेट्रोल द्या. कार्बोरेटर उघडून जेट सॉल्व्हंटने आणि हवेने साफ करा, तार घालू नका, भोक मोठं होतं. इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला खातं, तेव्हा पेट्रोलचे सगळे पाइप नवे. टाकी नंतर काढून सायट्रिक ॲसिडने धुता येते. रिकाम्या टाकीला वेल्डिंग मात्र कधीच नाही, आतली वाफ स्फोटाला पुरते.

पहिला स्टार्ट मोकळ्या जागेत, अग्निशामक हाताशी, एक माणूस स्विचजवळ. दहा सेकंदांत ऑइल प्रेशर आलं नाही तर बंद. निळा धूर पहिली काही मिनिटं येणारच, तो सिलिंडरमध्ये सोडलेल्या तेलाचा असतो. इंजिन गरम झाल्यावर कंप्रेशन मोजा. आकड्यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांच्या 10-15 टक्क्यांत असणं महत्त्वाचं. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा: वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या कड्या) असतील तर जीएल-4 दर्जाचं गिअर ऑइल घाला. जीएल-5 मधली काही रसायनं पितळ खातात. टायरवरच्या तारखेच्या कोडचे शेवटचे चार अंक बघा: 2317 म्हणजे 2017 सालचा 23वा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर 2000 सालाआधीचा, नक्षी कितीही शिल्लक असली तरी फेकायचा. पहिल्या चार-पाच किलोमीटरनंतर थांबून चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग आवळलंय. ते सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोनशे किलोमीटरला ऑइल पुन्हा बदला, आतला सुटलेला गाळ त्यात उतरलेला असतो.