मनातल्या अंशांशी बोलताना शरीराचा आधार कसा घ्यावा

एकाच माणसाच्या मनात निरनिराळ्या वयांचे आणि हेतूंचे अनेक अंश नांदत असतात, या गृहीतकावर अंशाधारित मानसोपचार उभा आहे. त्यातील बहुपरिचित ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ ही पद्धत अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञ रिचर्ड श्वार्ट्झ यांनी १९८०च्या दशकात विकसित केली. जुनी जखम वाहणारे अंश तिथे ‘निर्वासित’ ठरतात आणि ती जखम उघडी पडू नये म्हणून राबणारे ‘संरक्षक’. ही मांडणी ठाऊक असूनही ज्यांची सत्रे नुसत्या चर्चेत अडकून पडतात, अशा समुपदेशकांसाठी पुढील विवेचन आहे.

सुरुवात डोक्यापासून पायापर्यंतच्या निरीक्षणाने करण्याची गरज नसते. ज्या प्रसंगाविषयी बोलणे चालू आहे, तो मनात ठेवूनच ‘हे सांगताना शरीरात कुठे काही जाणवते का?’ असे विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. समजा, ‘भावाच्या बोलण्याचे मला काहीच वाटले नाही’ असे सल्लार्थी सांगत आहे आणि त्याच वेळी तिच्या उजव्या हाताचा अंगठा मुठीत दडपला गेला आहे. अशा वेळी ‘तुम्ही चिडला आहात’ असा निष्कर्ष तिच्या हाती देऊ नये. ‘तुमची मूठ वळली आहे, तिच्याकडे जरा लक्ष द्याल का?’ एवढेच म्हणावे. काही क्षणांनी ‘ही उघडली तर माझ्या तोंडून काहीतरी निघून जाईल’ असे उत्तर आले, तर संरक्षक सापडला असे समजायला हरकत नाही.

माझ्या मते सर्वांत मोठी चूक नेमकी इथे होते, कारण आपण लगेच दीर्घ श्वास घ्यायला आणि हात सैल सोडायला सांगतो. ताण घालवण्याची ही घाई (बहुतेक वेळा ती आपल्याच अस्वस्थतेतून आलेली असते) संरक्षकाला मात्र हाकलून लावल्यासारखी वाटते. त्यापेक्षा सल्लार्थीची तयारी असल्यास मूठ हळूहळू किंचित आणखी आवळून पाहायला सांगावे आणि ती सैल झाल्यास काय होईल अशी तिला भीती वाटते, हे त्या मुठीलाच विचारायला लावावे.

त्याआधी ‘या मुठीबद्दल तुम्हाला काय वाटते?’ हा प्रश्न मात्र चुकवू नये. ‘तिचा रागच येतो’ असे उत्तर आले, तर बोलणारा हा दुसराच अंश आहे. तो शरीरात कुठे आहे ते शोधून त्याला थोडे बाजूला थांबण्याची विनंती करावी. उत्तरात कुतूहल किंवा माया दिसू लागली, श्वास आपोआप मोकळा झाला, की संवाद पुढे नेता येतो.

‘काहीच जाणवत नाही’ हेही एक उत्तरच आहे. बधिरपणा हा अनेकदा संरक्षकच असतो, म्हणून तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, एवढेच विचारावे. आघात सोसलेल्या किंवा भीतीचे झटके येणाऱ्या व्यक्तींना छातीकडे वा पोटाकडे लक्ष नेताच घाबरायला होऊ शकते. त्यांच्याबाबतीत डोळे उघडेच ठेवून तळपायांपासून सुरुवात करावी, काही सेकंदच आत डोकावून पुन्हा खोलीतल्या वस्तूंकडे नजर वळवावी. छातीत दुखणे किंवा नव्याने सुरू झालेली चक्कर यांसारख्या तक्रारींना मात्र अंशाचे नाव देण्याआधी वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे.

सत्र संपण्यापूर्वी पाचेक मिनिटे राखून त्याच जागी पुन्हा लक्ष न्यावे. मूठ अजून घट्ट असली तरी बिघडत काही नाही. नोंदवहीत मात्र ‘ताण’ असे मोघम न लिहिता सल्लार्थीचेच शब्द लिहावेत, कारण पुढच्या सत्रात त्याच शब्दांनी हाक मारली तर तो अंश लवकर ओ देतो.