कार्गो ट्रेलरला घडीचे तंबू-पलंग जोडताय? या चुका टाळा

बंदिस्त कार्गो ट्रेलरच्या भिंतीला चांगलं पलंगाएवढं भगदाड पाडायचं, तिथे बिजागरीवर बाहेर उघडणारी फळी बसवायची, फळीवर गादी आणि वरून कॅनव्हासचा तंबू. झोपायची सोय दोन्ही अंगांना बाहेर गेली की आतली सगळी जागा मोकळी. कल्पना झकास आहे. फसते तेव्हा मात्र सहसा तंबूमुळे फसत नाही. फळी पलंग म्हणून कशी दिसेल याचाच विचार झालेला असतो आणि तीच फळी प्रवासभर ट्रेलरची भिंत आहे हे बाजूला राहतं. खड्डे, वारा, चिखल, पाऊस हे सगळं ती मिटलेल्या अवस्थेत सोसते. म्हणून कागदावर आधी मिटलेला पलंग काढा, उघडलेला नंतर. गादी, तंबूच्या कमानी आणि चुरगळलेला कॅनव्हास मिटल्यावर किती जाडी घेतात तेही तेव्हाच मोजा. १० सेंटिमीटरच्या फोमवर पांघरुणं ठेवून झडप (म्हणजे ही मिटणारी फळी) दाबून लावायची वेळ आली तर आज ना उद्या बिजागरी वाकणार.

आधी कापणे, मग विचार करणे

अशा ट्रेलरच्या भिंतीत साधारण ४० किंवा ६० सेंटिमीटरवर उभे खांब असतात. बाहेरचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर, आतलं प्लायवुड ९ मिलिमीटरच्या आसपास. पावणेदोन-दोन मीटर लांब भोक पाडलं की तीन-चार खांब गेलेच. हे खांब नुसतं छत पेलत नाहीत, डबा तिरपा होऊ नये म्हणून धरूनही ठेवतात. ते कापल्यावर लगेच काही होत नाही, म्हणूनच फसायला होतं. पुढे कधीतरी मागचा दरवाजा घासायला लागतो, पत्र्याचे स्क्रू ढिले पडतात, छताच्या सांध्यातून पाणी येतं. आणि मग दोष दरवाजाच्या बिजागरीला दिला जातो.

आतलं प्लायवुड काढून सांगाडा उघडा करा. ट्रेलर चारही बाजूंनी लेव्हलमध्ये टेकवा. मग भोकाच्या वर आणि खाली आडवे चौकोनी पाइप, दोन्ही अंगांना छतापासून चॅसीपर्यंत जाणारे दुहेरी खांब आणि कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या अशी पूर्ण चौकट आधी जोडा. मधले खांब त्यानंतर कापायचे. वेल्डिंगपूर्वी सांगाड्याला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे, आणि त्यावर लोखंडी पाइप वेल्ड होत नाही. तिथे बोल्टनेच काम करावं लागेल. दोन धातू एकमेकांना थेट टेकून पाण्यात गंजू नयेत म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर किंवा रबरी पट्टी हवी.

बिजागरी प्लायवुडला ठोकणे

थोडा हिशेब करू. दोन माणसं, गादी, पांघरुणं आणि फळी मिळून २२० किलो धरा. वजन सारखं पसरलं तर निम्मं बिजागरीवर आणि निम्मं, म्हणजे ११० किलो, बाहेरच्या कडेला. ही कड खालून ४५ अंशांच्या तिरक्या टेकूंवर पेलली तर टेकूंमध्ये मिळून सुमारे १५५ किलोचा दाब येतो आणि बिजागरीला ११० किलोची बाहेरच्या दिशेने ओढ बसते. हे सगळं माणसं निपचित पडलेली असताना. कोणी धपकन बसलं की आकडे दुप्पट धरायचे. ९ मिलिमीटर प्लायवुडमधला स्क्रू ही ओढ रोज सोसणार नाही. आधी हळूहळू भोक मोठं होतं, मग एखाद्या रात्री सुटतो. खालच्या आडव्या पाइपातून आरपार बोल्ट, मागे जाड पट्टी आणि न सुटणारे लॉक-नट, एवढं हवंच.

वरून साखळ्या दिल्या तर हिशेब उलटतो. बिजागरी आत दाबली जाते आणि भिंतीचा वरचा भाग बाहेर ओढला जातो. म्हणजे मजबुती वरच्या पाइपाला द्यायला हवी. पुष्कळ जण साखळ्या लावतात आणि मजबुती मात्र खालीच देतात.

तिसरा मार्ग म्हणजे सरळ जमिनीवर उभे पाय. मला हाच पटतो, कारण त्यात भिंतीला आडवी ओढ जवळपास बसत नाही. पण यात एक गंमत आहे. ट्रेलर स्प्रिंगांवर उभा असतो आणि पाय जमिनीवर. आत दोघं-तिघं चढले की डबा खाली बसतो, बाहेरची कड आहे तिथेच राहते, फळी तिरकी होते आणि बिजागरी करकरायला लागते. रात्रभर करकर ऐकू येत असेल तर बिजागरीला तेल घालण्याआधी हे तपासा. उपाय क्रमात आहे: आधी ट्रेलरच्या चारही कोपऱ्यांचे जॅक टेकवायचे, मग पलंग उघडायचा, शेवटी पलंगाचे पाय लांबी जुळवून टेकवायचे. पायाखाली रुंद चकती द्या, नाहीतर ओल्या मातीत पाय रुततो आणि सकाळी डोकं खाली, पाय वर.

मागच्या रॅम्पवर भरवसा

मागे रॅम्पसारखा पडणारा दरवाजा असला की मोह होतो: तोच आडवा धरू, तयार पलंग! रॅम्पवर लिहिलेली वजनाची मर्यादा त्याचं दुसरं टोक जमिनीवर टेकलेलं असतानाची असते. हवेत आडवा धरल्यावर ती मर्यादा लागू नाही. टोकाला दोन भक्कम पाय दिले तर काम होतं. शिवाय दरवाजाची स्प्रिंग त्याला वर ओढत असते, हे टेकू काढताना लक्षात असू द्या.

मागच्या पलंगाचा आणखी एक धोका म्हणजे उलंडणं. एका ॲक्सलचा ट्रेलर गाडीपासून सोडवलेला असेल आणि मागे दोन माणसं चढली तर गाडीला जोडायचा पुढचा दांडा सरळ वर उठतो. मागचे जॅक लावल्याशिवाय कोणालाही चढू देऊ नका. प्रवासातही मागे वाढवलेलं प्रत्येक किलो दांड्यावरचा भार कमी करतं. हा भार भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. त्याखाली गेला की वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. एकाच बाजूला पलंग लावणार असाल तर पाण्याची टाकी किंवा बॅटरी दुसऱ्या बाजूला हलवा. मिटलेला पलंग बाहेर किती येतो तेही बघा. रुंदीची कायदेशीर मर्यादा आणि बाजूचे दिवे-रिफ्लेक्टर, दोन्ही सांभाळायला लागतात.

पाणी येतंय, म्हणून सिलिकॉन

गादी बिजागरीच्या बाजूला ओली होते, ही सगळ्यात सर्रास तक्रार. त्यावर सिलिकॉनची नळी रिकामी केली जाते. सिलिकॉनवर पुढे रंगही धरत नाही आणि दुसरं सीलंटही, त्यामुळे खरी दुरुस्ती अवघड होऊन बसते. पाणी कुठून येतंय ते आधी बघा. पाइपाने खालून सुरुवात करून हळूहळू वर पाणी मारत जा आणि आत एकाला टॉर्च घेऊन बसवा. वरून सुरुवात केली तर सगळीकडून ओघळ दिसतात आणि कळत काहीच नाही.

दोषी बहुतेक वेळा कॅनव्हासची खालची कड असते. ती फळीच्या वर चिकटवली असेल तर ओघळलेलं पाणी फळीवर साचतं आणि गादीखाली शिरतं. कॅनव्हास फळीच्या कडेवरून खाली चार-पाच सेंटिमीटर लोंबायला हवा, म्हणजे थेंब बाहेर पडतो. फळीला बाहेरच्या बाजूला अगदी किंचित उतार द्या. भोकाच्या वर पन्हाळीची पट्टी लावा. कॅनव्हास ट्रेलरला जोडताना स्टेपल मारू नका. कडेला दोरी शिवून ती ॲल्युमिनियमच्या खाचेत सरकवायची पद्धत जास्त टिकाऊ आहे.

सुती कॅनव्हास आखडतो. त्यामुळे मापात ताणून शिवलेला तंबू पहिल्या पावसात कमानींना वाकवतो. शेवटची शिलाई करण्याआधी कापड एकदा-दोनदा भिजवून वाळवून घ्या. भिजल्यावर सुती धागे फुगतात आणि सुईची भोकंही बऱ्यापैकी बुजतात.

गळती नसतानाही सकाळी आतून ओल असेल तर ती श्वासातली वाफ आहे. वर एक आणि खाली एक अशा दोन जाळ्या रात्रभर उघड्या ठेवा, आणि गादीखाली पट्ट्या किंवा जाळीदार थर द्या, नाहीतर फोमच्या पोटाला बुरशी धरते. तंबू ओलाच मिटवायला लागला तर पोहोचल्यावर लगेच उघडून वाळवा. आत शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटवू नका. कापडाचा असला तरी तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो. अलार्म लावाच.

झडप बसत नाही

काल नीट लागलेली झडप आज लागत नाही? तासण्याआधी जॅक बघा. एक कोपरा जास्त उचलला की सांगाडा पिळवटतो आणि कडी-कोयंडा जुळत नाही. कोपऱ्यांचे जॅक स्थिरतेसाठी असतात, उचलायला नाहीत. लेव्हल चाकांखाली ठोकळे घालून करायची. फळी उचलायला मदत करणारे गॅस शॉकर जास्त ताकदीचे बसवले असतील तर उघडलेली फळी स्वतःहून उठू बघते, आणि थंडीत तेच शॉकर मंदावतात. त्यामुळे दोन माणसांना पेलवेल इतकंच फळीचं वजन ठेवा आणि शॉकर निव्वळ मदतीला. प्रवासात मात्र एकाच कडीवर विसंबू नका. दोन्ही टोकांना दाबाच्या कड्या आणि मध्ये पिनेची वेगळी खिटी.

आतल्या भिंतींना प्लायवुड परत लावण्याआधी फळीवर वाळूच्या गोण्या ठेवून, वापरताना येणार आहे त्याच्या दीडपट वजन द्या आणि एक रात्र तसंच राहू द्या. कडेला दोरी ताणून किती झोल आला ते मोजा. गोण्या उतरवल्यावर फळी मूळ जागी आली नाही, तर कुठला बोल्ट सरकला किंवा पाइप वाकला हे सांगाडा उघडा असतानाच दिसतं.