पीएम किसानच्या गाव-यादीबाबत या चुका टाळा

पीएम किसानच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की लाभार्थ्यांची यादी उघडते. त्यासाठी ना लॉगिन लागतं, ना कुणाची परवानगी. सरकारचा पैसा आपल्या गावात कुणाच्या नावावर येतोय, हे शेतकऱ्याला घरबसल्या बघता येतं ही मोठी गोष्ट आहे. पण बहुतेक जण आपलं नाव शोधतात आणि यादी बंद करतात.

नाव दिसलं म्हणजे पैसे आले असं धरू नका. हप्ता कुठे अडकलाय हे यादीत कळत नाही. ते 'नो युवर स्टेटस'मध्ये नोंदणी क्रमांक टाकल्यावर दिसतं. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं), लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेशी जोडणं) आणि बँक खात्याची आधार जोडणी, या तिन्हींपुढे 'येस' हवं. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे वर्षाचे ६,००० रुपयेही याच नोंदींवर चालतात, त्यामुळे इथली चूक दोन्हीकडे भोवते.

आधार जोडणीत लोक सगळ्यात जास्त फसतात. आमच्या वाडीतल्या एक काकू आठ महिने एकाच बँकेत खेटे घालत होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पासबुक दर वेळी छापून आणायच्या आणि त्यावर व्याजाशिवाय काही नसायचं. स्टेटस बघितलं तर दोन हप्ते जमा! बचत गटासाठी त्यांनी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं होतं, तिथे आधार जोडला गेला आणि पैसे तिकडे वळले. आधारवर येणारा पैसा फॉर्ममधला खाते क्रमांक बघत नाही. ज्या बँकेशी आधार शेवटचा जोडला, तिकडे जातो. ती बँक कोणती, हे आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये कळतं. व्हॉट्सॲपवर आलेलं 'पीएम किसान'चं ॲप मात्र कधीही उघडू नका, त्यातून खाती रिकामी झाली आहेत.

वारस नोंद लांबवू नका. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही, पण वारसाहक्काने आलेल्या जमिनीवर मिळतो. त्यासाठी सातबारा वारसाच्या नावावर हवा. तोवर वारलेल्या वडिलांच्या नावाने येणारा हप्ता काढत राहणं चूकच; पुढे वसुली लागते.

दहा एकरवाल्याचं नाव दिसलं म्हणून तक्रार ठोकू नका. दोन हेक्टरची अट २०१९ मध्येच गेली. अपात्र कोण, ते नीट बघा: मागच्या वर्षी आयकर भरलेले, चतुर्थ श्रेणी सोडून सरकारी नोकर, महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, सीए. पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं मिळून कुटुंब एकच धरतात. अपात्रांची नावं खरोखर घुसली होती: जुलै २०२१ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार ४२ लाखांवर अपात्रांकडून सुमारे ३,००० कोटी रुपये वसूल करायचे होते. म्हणून तक्रार कराच, पण नियम बघून आणि लेखी करा. गावात एका नावाची दोन माणसं असतात, हेही तपासा.

माहिती अधिकाराचा अर्ज फुगवू नका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. आधार किंवा खाते क्रमांक मागितलेत तर खासगी माहिती म्हणून नकार येतो. त्याऐवजी गावात किती जणांना अपात्र ठरवलं, किती नोटिसा गेल्या, किती रक्कम परत आली, हे विचारा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील करा.

यादी पंचायतीत लावायची हे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. ती नुसती फलकावर राहू देऊ नका, ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा. वाचून झाल्यावर विचारा, कुणाचं नाव राहिलं? नवरा गेल्यावर सातबारा तसाच पडून राहिलेली एखादी बाई मागच्या रांगेत गप्प बसलेली असते, तिचं नाव तेव्हाच पुढे येतं.