डिझेल गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकू नये म्हणून

साताऱ्यात राजवाडा ते पोवई नाका एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या डिझेल गाडीचे इंजिन पुरेसे तापत नाही, त्यामुळे ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (इंजिनच्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) काजळी साचून तो अडकतो; मग गाडी ओढत नाही, काळा धूर येतो आणि इंजिनचा दिवा लागतो.

१. आठवड्यातून एकदा इंजिन गरम झाल्यावर महामार्गाने उंब्रजपर्यंत जाऊन यावे आणि वेगमर्यादा पाळून, एक गिअर खाली ठेवून, इंजिनचे फेरे (आरपीएम) मिनिटाला २,००० ते २,५०० च्या दरम्यान सलग वीस मिनिटे राहू द्यावेत. (कामानिमित्त कराडला जाणे होत असेल, तर वेगळी फेरी नकोच.)

२. तरीही लक्षणे टिकली, तर आधी स्कॅनरवर बिघाडाचा कोड वाचून घ्यावा, कारण सेन्सर किंवा व्हॅक्यूमची नळी बिघडली तरी हाच दिवा लागतो आणि व्हॉल्व्ह विनाकारण बदलला जातो.

३. साफ करायचा झाल्यास इंजिन थंड करून, बॅटरीची ऋण तार काढून व्हॉल्व्ह उतरवावा, कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा फवारा) व मऊ ब्रशने काजळी काढावी आणि बसवताना गॅस्केट नवेच घालावे.

क्लीनरचा फवारा व्हॉल्व्हच्या विद्युत मोटरच्या भागावर मात्र मुळीच जाऊ देऊ नये.