नक्षी नवी, टायर म्हातारा: गाडीचे टायर घेताना आणि बसवताना या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात मामांच्या गाडीतनं पुण्याला निघालो होतो. गाडी २०१४ ची पण फिरलेली जेमतेम ३१ हजार किलोमीटर, कारण मामा साताऱ्याजवळच्या कोरेगावातच असतात आणि गाडी बाहेर निघते ती लग्नाला, पालीच्या यात्रेला नाहीतर दवाखान्याला. निघताना मी म्हणलं, मामा टायर कंपनीचेच आहेत का अजून, बदलायला झालेत. तर ते म्हणले, "आरं नक्षी बघ की, नव्यासारखी हाय." आणि नक्षी खरंच नव्यासारखी होती. आनेवाडीचा टोल सोडला, गाडी नव्वदच्या आसपास, आणि मागनं धप धप धप असा आवाज सुरू झाला, आधी वाटलं रस्ता खराब आहे, मग सीट हलायला लागली तेव्हा उडतारे गावाजवळ बाजूला घेतली. मागच्या डाव्या टायरच्या मधोमध नारळाएवढा फुगवटा, नक्षीचा पट्टा आतल्या तारांपासून सुटलेला, आणि साइडच्या भिंतीवर बारीक बारीक चिरा, तळ्याचा गाळ उन्हात वाळल्यावर पडतात तशा. अजून चार-पाच किलोमीटर गेलो असतो तर तो फुटलाच असता, आणि मागच्या सीटवर मामी आणि दोन पोरं होती.

त्या दिवसापासनं घरातल्या, शेजारच्या, ओळखीच्या सगळ्यांच्या गाड्यांचे टायर मी स्वतः वाकून बघतो आणि तेच तेच प्रश्न, त्याच त्याच चुका परत परत दिसतात म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी कमी फिरते म्हणजे टायर तरुण, हा समज

रबर किलोमीटर मोजत नाही, ते उन्हानं, उष्णतेनं आणि हवेतल्या ऑक्सिजननं कडक होत जातं. उलट उभ्या गाडीचा टायर लवकर चिरतो, कारण फिरताना रबरात मिसळलेलं संरक्षक मेण हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं, ते उभ्या गाडीत तसं येत नाही, आणि एकाच जागी वजन पडून तळ चपटा होतो तो वेगळाच.

वय कसं बघायचं तर टायरच्या भिंतीवर इंग्रजीत डॉट अशी तीन अक्षरं शोधा, त्याच्यापुढं बरीच अक्षरं-आकडे असतात, त्यातले शेवटचे चार आकडे कामाचे. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन वर्ष. १४२४ असेल तर २०२४ चा चौदावा आठवडा, म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा. आता खूप जण म्हणतात आमच्या टायरवर ते चार आकडे नाहीतच. असतात, पण बऱ्याच टायरवर ते एकाच बाजूला असतात आणि बसवताना ती बाजू आत गेलेली असते. मोबाईलची टॉर्च लावून गाडीखाली हात घाला, आतल्या बाजूचा फोटो काढा, सापडतात. माती बसलेली असली तर ओल्या फडक्यानं पुसा.

पाच वर्षं झाली की दर वर्षी टायरवाल्याकडनं नीट तपासून घ्यायचं, आणि तयार झाल्यापासून दहा वर्षं झाली की नक्षी कितीही दिसू दे, काढायचं, हे मोठ्या टायर कंपन्याच सांगतात. माझं स्वतःचं मत याच्यापेक्षा कडक आहे, फलटण-माण भागातल्या उन्हात रोज उभी असणारी गाडी असेल तर सहा-सात वर्षांच्या पुढं मी हायवेला तो टायर वापरणार नाही. आणि नवीन घेताना पैसे द्यायच्या आधी, टायर रिमवर चढवायच्या आधी चारही टायरचे आकडे स्वतः वाचा, एकदा चढवला की दुकानदार परत घेत नाही. सावलीत नीट ठेवलेला सहा-आठ महिन्यांचा माल असेल तर घ्यायला हरकत नाही पण दोन वर्षं पडून असलेला टायर ताज्या मालाच्या भावात का घ्यायचा. बिलावर टायरचा नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तोच कामाला येतो.

नक्षी किती उरली हे बघायला खाचांच्या तळाशी छोट्या आडव्या रबरी पट्ट्या असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली की टायर संपला. नव्या टायरला साधारण ८ मिलिमीटर असते आणि पावसाळ्यात खरं पाणी बाहेर फेकायला तीनच्या वर पाहिजे, म्हणून जूनच्या आधी बघा, ऑगस्टात कासला जाताना नको.

साइज: "हा पण बसतो" म्हणजे चालतो असं नाही

१८५/६५ आर १५ असं लिहिलेलं असतं ना, त्यातला १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ हे मिलिमीटर नाही, ते टक्के आहेत, म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आतल्या दोऱ्यांची रचना, त्रिज्या वगैरे काही नाही. १५ हा रिमचा, आपण डिस्क म्हणतो तिचा, व्यास इंचात.

आता लोक काय करतात, "जरा भरलेला दिसू दे" म्हणून १८५/६५ च्या जागी १९५/६५ टाकतात. रुंदी वाढली की त्या ६५ टक्क्यांनी उंचीपण वाढते, हे लक्षात येत नाही. १८५/६५ ची पूर्ण उंची ६२१ मिलिमीटर, १९५/६५ ची ६३४. म्हणजे दोन टक्के मोठा. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०२ नं चाललेली असते, पिकअप थोडा जड होतो, आणि काही गाड्यांत स्टेरिंग पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला घासतो, घाटात वळणावर खर्रर्र आवाज येतो तो हाच. रुंदच पाहिजे असेल तर १९५/६० बघा, त्याची उंची ६१५, फरक एकच टक्का, पण तेसुद्धा तुमच्या रिमची रुंदी त्याला चालते का हे विचारूनच.

एकाच मॉडेलला खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५ का असतो माहितीये? हिशोब करा, पहिल्याची उंची ६१९.६, दुसऱ्याची ६२१.५. कंपनीनं उंची सारखी ठेवून रिम मोठी केलीये. साइज बदलायचा तर असा बदलतात.

साइजच्या पुढं अजून एक आकडा आणि अक्षर असतं, ८८ एच किंवा ८५ टी, ते कोणी बघतच नाही. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, ८५ म्हणजे ५१५. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, टी म्हणजे १९० पर्यंत. वेगाचं सोडा, आपल्याला तेवढं पळवायचंच नाही, पण वजनाचा आकडा कंपनीनं दिलेल्यापेक्षा कमी कधीच घेऊ नका. सात माणसं, वर कॅरिअरला सामान आणि समोर पसरणी घाट, तिथं तो आकडा कामाला येतो.

दोनच टायर बदलताय? नवे मागं

याच्यावर लोक माझ्याशी भांडतात. सगळे म्हणतात गाडी पुढच्या चाकांवर ओढते, ब्रेक पुढं जास्त लागतो, मग नवे पुढंच पाहिजेत. पण यवतेश्वरच्या घाटातनं पावसात उतरताना विचार करा. पुढचं चाक घसरलं तर गाडी वळत नाही, सरळ जाते, ॲक्सिलेटर सोडला की बऱ्याचदा पकड परत येते. मागचं चाक घसरलं तर गाडीची शेपटीच बाहेर येते, गाडी गोल फिरते, आणि ती सावरणं तुमच्या माझ्यासारख्याच्या हातातलं काम नाही. म्हणून चांगली पकड मागं. पुढचे लवकर झिजतात ही गोष्ट खरी आहे, त्याला उपाय म्हणजे दर ८-१० हजारला पुढचे-मागचे अदलाबदल करायचे म्हणजे चारी बरोबरच संपतात आणि हा प्रश्नच येत नाही.

बसवताना तिथं उभे रहा

चहा प्यायला जाऊ नका. माझ्याच गाडीला एका दुकानात बाणाचे टायर बसवले होते, म्हणजे ज्यांच्यावर फिरायची दिशा दाखवणारा बाण असतो ते, आणि मी फोनवर बोलत बाहेर उभा. दीड महिन्यानं पहिल्या मोठ्या पावसात गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी झाली तेव्हा वाकून बघितलं तर डाव्या बाजूचे दोन्ही बाण मागं तोंड करून. त्या नक्षीच्या खाचा पाणी बाहेर फेकायला असतात, उलट फिरल्या की पाणी आत ओढतात. काही टायरवर बाण नसतो पण "बाहेरची बाजू" या अर्थाचं इंग्रजीत लिहिलेलं असतं, ती बाजू बाहेरच आली पाहिजे.

व्हॉल्व नवीन टाकायला सांगा, किरकोळ किंमत आहे आणि जुना रबरी व्हॉल्व चिरला की हळूहळू हवा जाते आणि माणूस पंक्चर शोधत बसतो. रिमच्या काठावरचा गंज, जुना चिकटा घासून काढलाय का बघा. ट्यूबलेस टायरमधनं हवा गळते म्हणून त्यात ट्यूब टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा, आतल्या घर्षणानं ट्यूब तापते आणि फुटली तर हवा एकदम जाते.

मग नट. सगळ्यात जास्त निष्काळजीपणा इथं होतो. गन लावली आणि एका दमात कर्रर्र करून चारही आवळून टाकले. आधी हातानं सगळे नट लागले पाहिजेत, मग समोरासमोरचे एक एक करून आवळायचे, आणि शेवटचा ताण गाडी खाली घेऊन टॉर्क पान्यानं, म्हणजे ताण मोजून आवळणाऱ्या पान्यानं. बहुतेक छोट्या गाड्यांना १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात आहे. गननं जास्त आवळलं तर बोल्ट ताणतो, आणि रात्री रस्त्यात पंक्चर झाली की गाडीतल्या छोट्या पान्यानं तो नट काही केल्या सुटत नाही, पान्यावर उभं राहिलं तरी. पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर नट एकदा परत तपासायचे, अलॉयची रिम असेल तर नक्कीच.

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट एक नाही

स्टेरिंग थरथरतंय म्हणून अलाइनमेंट करून येतात आणि गाडी ओढतीय म्हणून बॅलन्सिंग. उलटं आहे. ८० ते १०० च्या दरम्यान थरथर येते आणि वेग कमी केला की जाते, तर ते बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या एका बाजूला काही ग्रॅम वजन जास्त झालंय. थरथर हातात जाणवली तर बहुतेक पुढचं चाक, सीटमध्ये जाणवली तर मागचं. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर टायरचा संबंध नाही, ब्रेकच्या डिस्क बघा.

पैसे खर्च करायच्या आधी एक गोष्ट करा, रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. आपल्याकडं ऊसतोडीच्या दिवसांत शेतातनं गाडी काढली की काळ्या मातीचा गोळा रिमच्या आत बसतो आणि वाळून दगड होतो, तेवढ्यानंसुद्धा स्टेरिंग हलतं. गेल्या हंगामात शेजारच्या काकांनी दोनदा बॅलन्सिंग केलं होतं, शेवटी पाण्याचा जोरात फवारा मारला, मूठभर ढेकूळ पडलं आणि गाडी शांत. तसंच मशिनवर चाक फिरताना रिमच्या काठाकडं बघा, लाटेसारखा हलत असेल तर रिम वाकलीये, ती वजनं लावून सरळ होत नाही. आणि जुनी वजनं काढून, शून्यापासनं करायला सांगा, जुन्यावर नवीन चिकटवत गेले की काठावर रांग लागते.

गाडी एका बाजूला ओढत असेल, सरळ रस्त्यावर स्टेरिंग तिरकं राहत असेल, टायर आतल्या काठानंच खात असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन बिघडलेत. थोडीशी डावीकडं गेली तर घाबरू नका, पाणी वाहून जावं म्हणून रस्त्यालाच कडेकडं उतार असतो. अलाइनमेंट करूनही ओढतीय? पुढचे दोन टायर डावा-उजवा अदलाबदल करून बघा (बाणवाले असतील तर नाही), ओढायची दिशा बदलली तर दोष टायरचा.

झीज बघूनपण बरंच कळतं. दोन्ही काठ झिजले, मध्य चांगला, तर हवा कमी ठेवता. मध्यच झिजला तर हवा जास्त. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकरवर असतो, टायरच्या भिंतीवर लिहिलेला मोठा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नसतो. आणि हवा सकाळी, टायर थंड असताना. शेंद्र्यापासनं दुपारी गाडी पळवत आलात आणि पंपावर तीन-चार पीएसआय जास्त दिसले म्हणून काढू नका, ती तापल्यामुळं वाढलीये, थंड झाल्यावर कमी पडेल आणि कमी हवेचाच टायर तापून फुटतो. नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, फुकट मिळाला तर भरा, नाही मिळाला तर साधी हवा भरून महिन्यातनं एकदा तपासा.

पंक्चर नक्षीच्या भागात असेल तर दुरुस्त होते, दोरी घालून गावापर्यंत या पण नंतर टायर काढून आतनं मशरूम पॅच मारून घ्या. भिंतीत खिळा गेला किंवा फुगा आला तर त्याला कुठलाच पॅच नाही, टायर टाकायचा.

आणि स्टेपनी. उडताऱ्याला मामांच्या गाडीची स्टेपनी काढली तर ती कधी रस्त्याला लागलेलीच नव्हती, रबराचे केससुद्धा तसेच, पण हातानं दाबली की बसत होती, आणि चार आकडे तेच, २०१४ चे. शेजारच्या ट्रकच्या पंक्चरवाल्यानं हवा भरून दिली, त्या टायरवर चाळीसच्या वर न जाता साताऱ्याला परत आलो आणि संध्याकाळी पाच टायर घेतले, चार नाही. आता मामा हवा भरायला गेले की आधी डिकी उघडतात, स्टेपनीत दोन-तीन पीएसआय जास्तच भरून ठेवतात.