कॉलेजचे मित्र चाळिशी-पन्नाशीत कसे धरून ठेवावेत

बहुतेकांच्या फोनमध्ये जुन्या बॅचचा एक ग्रुप असतोच. सकाळी सुप्रभात, दिवसभर फॉरवर्ड, वाढदिवसाला केकचं चित्र. पण कुणाच्या घरी काय चाललंय याचा पत्ता वर्षभर लागत नाही. म्हणून सुरुवात ग्रुपबाहेर, एकेकाशी बोलून करा.

आधी नावं काढा. सगळा वर्ग सांभाळायला जाऊ नका. माणसाला साधारण १५० जणांशीच खरी ओळख ठेवता येते आणि त्यातले अगदी जवळचे पाचेकच असतात, असं मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९०च्या दशकापासून मांडलं आहे. या १५०मध्ये नातेवाईक, शेजारी, ऑफिस सगळं आलं. तेव्हा कॉलेजची पाच-सहा नावं कागदावर लिहा. ज्यांचं बरंवाईट तिसऱ्याकडून कळलं तर आपल्याला लागेल, अशी.

मग शोधा. आडनाव बदललेल्या मैत्रिणी जुन्या नावाने सहसा सापडत नाहीत. त्यांच्या रूममेटला विचारा. नंबर मागताना मात्र म्हणा, ‘आधी तिला विचार, मग दे.’ काहींनी मुद्दाम लांब राहायचं ठरवलेलं असतं.

पहिला मेसेज. इथेच घोडं अडतं. इतक्या वर्षांनी काय लिहायचं? त्याला वाटेल, काहीतरी काम काढलंय. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय संशोधनात उलटंच दिसलं. अशी विचारपूस समोरच्याला किती आवडते याचा अंदाज आपण कमीच धरतो, आणि ती जितकी अनपेक्षित, तितकी जास्त भावते. फक्त ‘हाय, कसा आहेस?’ लिहू नका. त्याला ‘मजेत, तू?’ एवढंच उत्तर येतं. एखादी नेमकी आठवण घाला:

‘अरे, आज लेकीला इंटिग्रेशन समजावताना तुझी आठवण झाली. पेपरच्या आदल्या रात्री जिन्यात बसून तू मला हेच शिकवलं होतंस. उत्तराची घाई नाही, सवडीने बोलू.’

शेवटचं वाक्य गाळू नका, त्याने समोरच्यावरचं दडपण जातं. आणि खरंच काम असेल, पॉलिसी विकायची असेल किंवा मुलासाठी नोकरी हवी असेल, तर ते सुरुवातीलाच सांगून टाका. तासभर आठवणी काढून शेवटी पॉलिसीवर येणाऱ्याचा फोन पुढच्या वेळी कुणी उचलत नाही.

बोलताना. पगार, पद, मुलांचे मार्क हे विषय आपण होऊन काढू नका. या वयात कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचा संसार मोडलेला, कुणाचं मोठं आजारपण चालू. साधा ‘सध्या काय करतोस?’ सुद्धा बोचतो. ‘दिवस कसा जातो?’ विचारा, ज्याला जेवढं सांगायचं तेवढं तो सांगेल. जुनं टोपणनावही जरा जपून, निदान त्याच्या मुलांसमोर.

फोन ठेवल्यावर दोन ओळी टिपून ठेवा: ‘वडील विसरायला लागलेत. शनिवारी त्यांच्याकडे जाते. जूनमध्ये बदली.’ मग जूनमध्ये बदलीचं विचारायचं. काहींना हे फार हिशेबी वाटतं. मला नाही वाटत. वडिलांचं सगळं त्या मैत्रिणीला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, तर ते तिला जास्त लागेल.

अडचणीच्या वेळी. आई-वडील जाण्याचं हेच वय. पहिल्या आठवड्यात त्या घरातला फोन सारखा वाजत असतो, तेव्हा एक ओळ पाठवा. खरा फोन दीड-दोन महिन्यांनी करा, बाकीच्यांचे थांबले की. ‘काही लागलं तर सांग’ याला अर्थ नाही, कुणी सांगत नाही. आईचं दुखणं चालू असेल आणि तुम्ही जवळपास राहत असाल, तर ‘रविवारी मी काकूंजवळ बसतो, तू जरा बाहेर जाऊन ये’ असं ठोस बोला.

भेट. सगळ्यांना सोयीची तारीख सापडतच नाही. दोन-तीन तारखांचा पोल टाका, तीन-चार जण जमले की ठरवून मोकळे व्हा. खर्च इतकाच ठेवा, की ज्याची ओढाताण चालू आहे त्यालाही काही न बोलता येता यावं. फोटो विचारून टाका.

उत्तरच आलं नाही तर? निळ्या टिका दिसतात आणि पुढे काही नाही, असं होतंच. काही महिन्यांनी आणखी एकदा लिहा. तरीही काही नाही, तर वर्षातून एकदा वाढदिवसाची एक ओळ, बस्स. ‘मोठा माणूस झालास, विसरलास आम्हाला’ असले टोमणे नकोत, आणि ग्रुपवर त्याचं नाव घेऊन हाका मारणं तर नकोच नको.